मदत हवी आहे: पोटात मॅटाडोरचं इंजिन असलेली 1958 ची मर्सिडीज

मंडळी, नमस्कार.

नौपाड्यातलं आमचं बैठं घर पाडायला काढलंय आणि बिल्डरला पावसाळ्याआधी जागा मोकळी हवी आहे. भांडीकुंडी, कपाटं यांची सोय लागली. अडलंय ते मागच्या शेडमध्ये: पावणेपाच मीटर लांबीची मर्सिडीज 220 एस, 'पाँटन' म्हणतात ते गोलसर मॉडेल. नंबर बीएमवाय सिरीजचा, म्हणजे महाराष्ट्र व्हायच्या आधीचा. बाबा ती लग्नांना भाड्याने द्यायचे; 2004 मधल्या शेवटच्या लग्नानंतर ती जागची हललेली नाही. चारही टायर बसलेत, आणि मागच्या सीटवर मांजरीची किमान चार बाळंतपणं झाली आहेत.

बाबा गेल्या वर्षी गेले. गाडी त्यांच्या नावावर आहे. त्यांच्या आधी दोन मालक. आरसी बुकाचं पहिलं पान वाळवीने खाल्लंय, पहिल्या मालकाच्या नावातलं फक्त '...वाला' उरलंय, पत्ता नेपियन सी रोड. (दारूवाला की बाटलीवाला, देव जाणे.) दुसरे ग्रँट रोडचे एक डॉक्टर. ग्लव्हबॉक्समध्ये त्यांची इंजेक्शनच्या सुयांची पितळी डबी अजून आहे, आतला कापूस पिवळा पडलाय. दाराची कड नखाने खरवडली की वर बाबांनी लग्नांसाठी मारलेला पांढरा, त्याखाली राखाडी, आणि तळाला काळाभोर. पांढरा बाबांचा हे नक्की. राखाडी डॉक्टरांचा असावा.

आता खरा गुंता. मूळ इंजिन 2195 सीसीचं, सहा सिलिंडर, पेट्रोल, दोन सोलेक्स कार्ब्युरेटर. बाबांना ते पोसणं परवडेना. मग त्या काळी बरेच जण करायचे तेच त्यांनी केलं. 1987 साली इंजिन उतरवलं, कुर्ल्याच्या भंगारात किलोवर विकलं आणि मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन बसवलं. बदललेल्या इंजिन नंबरचा शिक्का आरसीवर रीतसर आहे. मॅटाडोरचं ते ओएम 616 सुद्धा मूळचं मर्सिडीजचंच, बजाज टेम्पो ते परवान्याने बनवायची. बाबा म्हणायचे, "सावत्र नाही रे, चुलत आहे." आवाज मात्र लपायचा नाही. वरात दारात आली की मंडळी मर्सिडीजच्या मागे टेम्पो शोधायची.

जुलै 2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार 50 वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' येतं. पण चासी (गाडीचा सांगाडा), बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको, अशी अट आहे. एक एजंट म्हणतो मॅटाडोर काढा, दुसरा म्हणतो शिक्का आहे ना, चालेल. दोघांनीही आधी पैसे मागितले.

मला विचाराल तर ते इंजिन काढायचं जिवावर येतं. माझी इंजिनिअरिंगची फी त्याच खडखडाटातून आली. पण ठेवलं आणि नोंदणी अडली तर?

शिवाय तळाचा पत्रा गेलाय. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर थेट जमीन दिसते. ठाणे-कळवा भागात असं काम धीराने करणारा कुणी माहीत आहे का? आणि नेपियन सी रोडच्या '...वाला'चा माग कसा काढायचा?

प्रतिसाद: गंजका_पत्रा
आधी एक काम करा. चासी नंबरला कुणालाही एमरी पेपर लावू देऊ नका. हलक्या हाताने तेल, मऊ ब्रश, मग वर कागद ठेवून पेन्सिल छाप. घासलेला नंबर आरटीओत संशयाचा होतो, मग तुम्ही कितीही खरं बोला. तळाचं म्हणाल तर या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. नुसता पत्रा ठोकणारा नको. दारं बसवलेली ठेवून, खालून आधार देऊन एकेक तुकडा वेल्ड करणारा पाहा, नाहीतर काम झाल्यावर दारं लागणार नाहीत.

प्रतिसाद: तीनहातनाका
मालकांसाठी ताडदेव आरटीओची जुनी रजिस्टरं. स्वतः जा, एजंट नको. तुमची गाडी सरकारच्या 'वाहन' या संगणक प्रणालीवर नसेल तर बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद तिथे चढवणं) करून घ्यावी लागेल, त्याशिवाय पुढचा कागद हलत नाही. वारस म्हणून नावावर करायला फॉर्म 31. जर्मनीतल्या मर्सिडीज-बेंझ क्लासिककडून डेटा कार्डची प्रतही मागवा. कारखान्यातून निघतानाचा रंग आणि इंजिन नंबर त्यावर असतो. मुंबईतल्या मालकांची नावं नसतात.
आणि एक कटू बोलतो: व्हीए घेतलंत तरी लग्नाची भाडी बंदच. रॅली, प्रदर्शन, पेट्रोलपंप, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते.

प्रतिसाद: पितळी_हॉर्न
मॅटाडोर ठेवा हो. पेट्रोलचं इंजिन मिळालं तरी ते दुसऱ्याच कुठल्या तरी पाँटनचं असणार, तुमच्या '...वाला'चं नव्हे. निदान आधी आरटीओला लेखी विचारा, तोंडी उत्तरावर स्पॅनर उचलू नका.
आणि नेताना ओढू नका. वीस वर्षांत ब्रेकशू ड्रमला चिकटले असतील. चाकं मोकळी करून फ्लॅटबेडवर चढवा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. लेखी अर्ज सोमवारी देतो. फ्लॅटबेडवाला गल्ली बघून गेला, म्हणाला कंपाउंडची भिंत पाडावी लागेल. बिल्डर तिला हात लावायच्या आधी मीच पाडतो.
काल आईने टॉर्च धरला आणि पेन्सिल छाप घेतला. सुरुवात 180 010 अशी, हा 220 एसचाच कोड, म्हणजे बॉडी तरी मूळचीच. शेवटचे दोन आकडे अजून गंजाखाली आहेत, तेल सोडून ठेवलंय.