सारख्या उच्चारांचे इंग्रजी शब्द लिहिताना नेमके कसे ओळखावेत?

प्रश्न

नमस्कार. मी एका पतसंस्थेच्या कर्जविभागात काम करते. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून गेली चार वर्षे इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात एका कर्जदाराच्या पत्रात मुद्दल या अर्थी ‘प्रिन्सिपल’ लिहिताना मी शेवटी पी-एल-ई ही अक्षरे लिहिली, आणि साहेबांकडून पत्र परत आले तेव्हा त्या शब्दाभोवती लाल शाईचे वर्तुळ होते. संगणकाने चूक दाखवली नाही, कारण तो शब्दही इंग्रजीत आहेच; फक्त त्याचा अर्थ ‘तत्त्व’ असा होतो. ‘स्टेशनरी’ आणि ‘कॉम्प्लिमेंट’ यांच्या बाबतीतही माझा असाच गोंधळ उडतो. पाठ केलेल्या याद्या दोन दिवसांत विसरायला होतात, तेव्हा कायम लक्षात राहील अशी काही रीत असल्यास कृपया सांगावी.

उत्तर १

ताई, मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले आणि याद्या पाठ करून घेण्याचा उपयोग होत नाही हे वर्गातच शिकलो. शब्दाचा शेवट काय काम करतो ते पाहिले, तर पाठांतराची गरज बरीच कमी होते. ‘नॅशनल’, ‘सेंट्रल’ या विशेषणांच्या शेवटी ए-एल असते. त्याच जातीच्या पी-ए-एल वाल्या ‘प्रिन्सिपल’चा मूळ अर्थ ‘मुख्य’ असा आहे. कॉलेजातले प्राचार्य म्हणजे मुख्य शिक्षक, आणि मुद्दल म्हणजे व्याज वगळून उरणारी मुख्य रक्कम. म्हणून शब्दाच्या जागी ‘मुख्य’ बसवून पाहावे. बसला तर ए-एल लिहावे, आणि तत्त्व किंवा नियम असा अर्थ असेल तर एल-ई.

‘स्टेशनरी’ची गोष्ट मला विशेष आवडते. मध्ययुगीन युरोपात विद्यापीठांच्या गावी पुस्तके आणि लेखनसाहित्य विकणारे काही दुकानदार फेरीवाल्यांसारखे न हिंडता एका जागी ठाण मांडून बसत, आणि ‘एका जागी असलेला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांना ‘स्टेशनर’ हे नाव पडले. लंडनमध्ये त्यांचा संघ 1403 साली स्थापन झाला आणि 1557 साली त्याला राजाज्ञेची सनद मिळाली. म्हणजे वह्या-पेन आणि स्थिर उभे असलेले वाहन यांना लागणारे दोन्ही शब्द मुळात एकाच घरचे आहेत. आज लिहिताना ‘बेकरी’, ‘ग्रोसरी’ या दुकानी शब्दांप्रमाणे कागद-पेनाच्या ‘स्टेशनरी’तही ई-आर-वाय येते, आणि स्थिर या अर्थाच्या विशेषणात ए-आर-वाय.

‘कॉम्प्लिमेंट’ थोडक्यात सांगतो. पूर्ण करणारा तो ‘कम्प्लीट’मधला ई घेतो, कौतुकाचा आणि नाटकाच्या फुकट पासावरचा आय घेतो. भूमितीत मात्र सांभाळावे, कारण ई वाल्या शब्दाने दाखवलेल्या, बेरीज 90 अंश होणाऱ्या कोनांना आपण कोटिकोन म्हणतो. पूरककोन हे 180 अंशांचे.

उत्तर २

सरांचे म्हणणे पटले, परंतु त्यांनी सांगितलेल्या जोड्या इंग्रजांच्या कानालाही सारख्याच लागतात. आपल्या अडचणीचा दुसरा, माझ्या मते मोठा, भाग असा की इंग्रजीत वेगळे उच्चारले जाणारे कितीतरी शब्द मराठीत आणि देवनागरीत येताना एकच होऊन जातात. ‘सेल’ घ्या. कपड्यांचा सेल, बॅटरीचा सेल, विकणे या अर्थाचे क्रियापद आणि जहाजाचे शीड असे चार शब्द आपण एकसारखे लिहितो. इंग्रजीत मात्र त्यांचे दोन गट पडतात: विकणे आणि बॅटरी यांचा ‘ए’ आखूड व सरळ, तर विक्री आणि शीड यांचा ‘ए’ लांबत जाऊन शेवटी ‘इ’कडे झुकतो. मराठीत एकच ‘ए’ असल्यामुळे लेखणी आणि वेदना, चाचणी आणि चव, पत्र आणि नंतर या अर्थांच्या इंग्रजी शब्दजोड्या आपल्या तोंडी ‘पेन’, ‘टेस्ट’, ‘लेटर’ अशा एक होतात.

‘व’चेही तसेच आहे. बनियन आणि पश्चिम दिशा या दोन्हींना आपण ‘वेस्ट’ म्हणतो. आरशासमोर उभे राहून पाहावे: बनियनसाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत, तर पश्चिमेसाठी दोन्ही ओठांचा चंबू झाला पाहिजे आणि दात कुठेही लागता कामा नयेत. या जोड्या आधी कानाने वेगळ्या केल्या, की स्पेलिंग फारसे चुकत नाही असा माझा अनुभव आहे.

उत्तर ३

एक छोटी भर. पिठाच्या गिरणीच्या पाटीवर अनेकदा ‘फ्लोअर मिल’ लिहिलेले दिसते, पण ‘फ्लोअर’ म्हणजे जमीन. पिठाचा इंग्रजी उच्चार फुलासारखाच ‘फ्लॉवर’ असा होतो, कारण हे दोन्ही मुळात एकच शब्द होते: दळलेल्या धान्यातला सर्वांत उत्तम भाग, म्हणजे जणू धान्याचे फूल. स्पेलिंगे पुढे वेगळी झाली.

प्रश्नकर्ती

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने उत्तरे दिलीत याबद्दल मनापासून आभार. ‘मुख्य’ बसवून पाहण्याची रीत मी आजच वापरली. आणखी एकच शंका आहे: ढिला या अर्थाचा ‘लूज’ आणि गमावणे या अर्थाचा ‘लूज’ यांपैकी दोन ओ कोणत्या शब्दात येतात?

उत्तर २ (पुन्हा)

ही जोडीही आपल्याच तोंडी एक झालेली आहे. स्क्रू ‘लूज’ झाला असे आपण म्हणतो, पण ढिला या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘स’ आहे, ‘लूस’. त्यात दोन ओ येतात. गमावणे या अर्थाचा शब्द मात्र ‘शूज’सारखा संपतो, आणि तो ज्या घरचा आहे ते ‘लॉस’ आणि ‘लॉस्ट’ आपल्या कामात रोजच येत असतील. त्या दोघांत ओ एकच आहे. तेव्हा हप्ता थकल्यास व्याजसवलत गमवाल असे कर्जदाराला कळवायचे असेल, तर तिथेही एकच ओ लिहावा.