'मरेपर्यंत कुणाला सुखी म्हणू नये' हे कुठल्या नाटकातलं?

चाळकरीण, लालबाग
नमस्कार मंडळी. प्रश्न नाटकाचा आहे, भांडण घरचं आहे.

आमचे अण्णा, वय ८६. गिरणीत साचेवाले होते. १९८२ च्या संपानंतर परत गेलेच नाहीत, नाक्यावर भाजीची गाडी लावली. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं. आता चाळीचा टॉवर झाला आणि गेल्या महिन्यात बाविसाव्या मजल्यावरच्या घराची चावी मिळाली. चाळीतल्याच एक वहिनी पेढे घेऊन आल्या. म्हणाल्या, "अण्णा, सुखी झालात हो शेवटी." अण्णांनी पेढा तोंडात टाकला (डायबेटिस आहे, तरी टाकला) आणि म्हणाले, "मरेपर्यंत कुणाला सुखी म्हणू नये, वहिनी." त्या बिचाऱ्या तोंड पाडून गेल्या.

नातीच्या साखरपुड्यातही हेच. मुलाकडच्यांसमोर! माझ्या जावेने त्यांना जवळजवळ ओढतच आत नेलं.

रागावले की म्हणतात, "हे माझं नाही, ग्रीक नाटकातलं आहे. मी काम केलंय त्यात." संपाच्या आदल्या वर्षी कामगार नाट्यस्पर्धेत ते म्हातारा धनगर झाले होते, हे खरं. मला आठवतंय, कारण घरातली एकुलती एक घोंगडी त्यापायी गेली ती परत आली नाही. नाटकाचं नाव विचारलं की "तो राजा डोळे फोडून घेतो ते" एवढंच सांगतात.

तर हे वाक्य खरंच नाटकात आहे का? आणि असलं अभद्र कुणी कशाला लिहून ठेवेल?

विंगेतला
ताई, अण्णा बरोबर आहेत. नाटक 'ईडिपस', लेखक सोफोक्लीस, अथेन्सचा. पु. लं.नी ते 'राजा ओयदिपौस' म्हणून मराठीत आणलंय.

पण एक गंमत सांगतो. हे वाक्य धनगराचं नाहीच. नाटकाच्या अगदी शेवटी कोरस म्हणतो, म्हणजे थीब्ज शहरातली वडीलधारी मंडळी. बघा, हाच तो ईडिपस, स्फिंक्स राक्षसीचं कोडं सोडवणारा, ज्याचा सगळ्या गावाला हेवा वाटायचा. म्हणून शेवटचा दिवस दुःखाशिवाय पार पडेपर्यंत कुणाला सुखी म्हणू नका, असा आशय. (या शेवटच्या ओळी सोफोक्लीसच्याच का, यावर काही अभ्यासकांना शंका आहे. पण विचार ग्रीकांत मुरलेला होता. हेरोडोटसच्या इतिहासात अथेन्सचा शहाणा सोलोन हेच श्रीमंत क्रीसस राजाला सुनावतो, आणि तोही अण्णांच्या वहिनींसारखाच नाराज होतो.)

धनगराचं काम छोटं, एकाच प्रवेशाचं. पण सगळं नाटक त्याच्यावर फिरतं. आधीच्या राजाचं तान्हं मूल, म्हणजे हाच ईडिपस, डोंगरावर टाकून द्यायला त्याच्याकडे दिलेलं असतं आणि तो ते न टाकता दुसऱ्या धनगराला देतो. पुढचा सगळा अनर्थ तिथून. पुढे राजा झालेला ईडिपस दरडावून विचारतो, का दिलंस? त्यावरचं उत्तर अण्णांना आठवतं का विचारा. आठवत असेल तर त्यांनी खरंच काम केलंय.

हरिपाठवाला
ग्रीस कशाला गाठायचं? 'याजसाठी केला होता अट्टाहास, शेवटचा दिस गोड व्हावा' हे आमच्या तुकोबांनी सांगितलंच आहे की.

विंगेतला
माउली, सारखं वाटतं, पण नाही. तुकोबांनी अट्टाहास केलाय आणि तो फळाला आलाय, म्हणून तो आनंदाचा अभंग आहे. ईडिपसचा अट्टाहासच त्याला बुडवतो. बापाला मारशील, आईशी लग्न करशील हे भाकीत टाळायला तो जिथे वाढला ते कॉरिंथ सोडून पळतो आणि नेमका त्याच वाटेवर नकळत खऱ्या बापाला मारतो. त्याने काय कमी केलं होतं?

हरिपाठवाला
हे मान्य. उद्या मंडळात बोलतो.

दादर_पश्चिम
'अभद्र' म्हणालात म्हणून लिहितेय. सोफोक्लीस रडका नव्हता हो. जवळजवळ नव्वद वर्षं जगला, इ.स.पू. ४०६ च्या सुमारास गेला. आख्यायिका अशी की म्हातारपणी मुलांनी त्याला कोर्टात खेचलं: बापाला भ्रम झालाय, मालमत्ता सांभाळता येत नाही. त्याने बचाव काय केला, तर तेव्हा लिहीत असलेलं नाटक वाचून दाखवलं आणि विचारलं, हे भ्रमिष्टाचं वाटतं का? सुटला. रोमन लेखक सिसेरोने ही गोष्ट सांगितली आहे. ते नाटक म्हणजे म्हाताऱ्या, आंधळ्या ईडिपसचं, सोफोक्लीसच्या स्वतःच्या गावात, अथेन्सजवळच्या कोलोनसमध्ये घडणारं. त्याच्या मृत्यूनंतर इ.स.पू. ४०१ मध्ये नातवाने ते रंगमंचावर आणलं. त्यात ईडिपसला शांत मरण येतं, आणि थीब्जने ज्याला बाहेर काढलं त्याचाच आता अथेन्सला आधार होणार असतो.

आमच्याकडे रिडेव्हलपमेंटच्या वेळी सासऱ्यांच्या सहीवरून असंच झालं होतं. त्यांच्याकडे नाटक नव्हतं, ते फक्त रडले. असो.

चाळकरीण, लालबाग
सगळ्यांचे आभार. काल रात्री हे सगळं अण्णांना वाचून दाखवलं. म्हटलं, "म्हणजे ते वाक्य तुमचं नव्हतंच."

"नव्हतंच. माझं काम आधीच संपायचं. मग विंगेत बिडी विझवून उभा राहायचो, ते ऐकायला."

"मग तुमचं कुठलं? राजा विचारतो, मूल का दिलंस, त्याला काय म्हणायचात?"

सकाळची गोळी घेतली की नाही हे ज्यांना दुपारी आठवत नाही, ते सोफ्यावरून उठले, काठी दोन्ही हातांनी धरली, कमरेत वाकले आणि असे ओरडले, "दया आली, महाराज! दया आली त्या पोराची!" की समोरच्या फ्लॅटमधले दार वाजवायला आले. पेढेवाल्या वहिनीही त्यांच्यात.

सगळ्यांना बसवून पहिल्यापासून सांगावं लागलं. अण्णा मध्येच वहिनींना विचारत होते, त्या दिवशीचे पेढे उरलेत का.