बोलिंग: तेलकट लेन आणि कोरडी लेन, एका बॉलवर भागेल का? (मदत हवी आहे)

वाळूजकर:
नमस्कार मंडळी. इथं क्रिकेटचे धागे धो धो वाहतात, दहा पिनांच्या बोलिंगचा एकही दिसला नाही, म्हणून जरा भीतभीतच विचारतोय.

मी वाळूजला एका कारखान्यात सरफेस ग्राइंडिंगवर आहे. दीड वर्षापासून संभाजीनगरातल्या एका गेमझोनमध्ये खेळतो, सेकंड शिफ्ट नसेल त्या आठवड्यात. उजव्या हाताने, हुक टाकून, म्हणजे बॉल शेवटी वळवून. दिवाळीत पुण्यातल्या एका ओळखीच्याकडून १५ पाउंडाचा जुना बॉल घेतला, सॉलिड रिअ‍ॅक्टिव्ह (हा त्याच्या कव्हरचा, म्हणजे बाहेरच्या आवरणाचा, प्रकार). गावी गेवराईला नेला तर वडील म्हणाले, "सात किलोचा धोंडा पैसे देऊन आणला व्हय?"

आता घोळ ऐका. गेमझोनच्या लेनवर तेल कधी पडतं ते देवालाच ठाऊक. तिथं हा बॉल निम्मी लेन संपायच्या आतच डावीकडं वळतो आणि हेडपिनच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या पिनेच्या, पल्याड जाऊन आदळतो. मला वाटलं, कव्हर खरबरीत आहे म्हणून होतंय. आमच्या धंद्यात फिनिश जेवढी भारी तेवढा माल भारी. नेला कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत बफिंग व्हीलवर धरला, कंपाउंड लावून असा चमकवला की त्यात भांग पाडावा. गेमझोनवर थोडा सुधारला, मी खूश. मग पुण्याला एका हौशी स्पर्धेत गेलो. सकाळीच मशिनने ताजं तेल मारलेलं. ओल्या मोरीत साबणाची वडी सुटावी तसा बॉल सरळ निघून गेला. तीन गेम मिळून ३४०. परतीच्या एसटीत कुणाशी बोललो नाही.

जास्त तेलाला कोणतं कव्हर घ्यावं, कमी तेलाला कोणतं? यूरेथेन घेऊ की पर्ल? आणि बफ मारून मी बॉलची वाट लावली का? बजेट एकाच बॉलचं आहे. यंदा कापसानं घरच्यांना काही दिलं नाही, त्यामुळं तिकडून मागायची सोय नाही.

दहावी_पिन:
भाऊ, नवा बॉल घेऊ नका. आधी आहे त्याची चमक उतरवा.

तुम्हाला बाकी फिनिश कळते, मग हे लगेच कळेल. पावसाळ्यात काळ्या रानात गुळगुळीत टायर जागेवर फिरतो, ट्रॅक्टरचा खाचांचा टायर चिखल कापून खालची जमीन धरतो. बॉलचं तेच. खरबरीत कव्हर तेलाच्या थरातून खालच्या लेनला भिडतं, चमकदार कव्हर वरून तरंगत जातं. उलट कोरड्या लेनवर खरबरीत बॉल पहिल्या काही फुटांतच पकडतो, आणि ६० फुटांवरच्या पिनांपर्यंत पोचताना त्याच्यातली ताकद संपलेली असते. आधी घसरणं, मग वळणं, मग लोळणं. यातलं वळणं पिनांच्या थोडं अलीकडं व्हायला हवं, सगळी खटपट तेवढ्यासाठीच.

साधं प्लास्टिक, म्हणजे पॉलिएस्टर, तेलाला जवळजवळ दादच देत नाही, म्हणून उरलेल्या पिना पाडायला बेस्ट. यूरेथेन १९८० नंतर लगेच आलं, ते लवकर आणि एकसारखं वळतं, शेवटी झटका देत नाही. १९९० नंतर आलेल्या रिअ‍ॅक्टिव्हला बारीक छिद्रं असतात, ते तेल पितं आणि कोरड्या भागात पोचलं की जोरात वळतं. त्यातलं सॉलिड जास्त तेलाला, पर्ल मध्यम किंवा कमी तेलाला, हायब्रिड दोन्हींच्या मध्ये. पण दुकानदार सांगत नाहीत ती गोष्ट अशी की कव्हरच्या नावापेक्षा त्यावरची घासणी कितीदा तरी जास्त फरक पाडते. तुमचा सॉलिड बॉल बफनंतर सॉलिडसारखा वागलाच नाही, यात नवल काय?

आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कंपाउंड पुसून काढा. मग २००० चा अ‍ॅब्रलॉन पॅड (पॉलिश पेपरसारखी घासणी, आकडा मोठा तितकी बारीक), भरपूर पाणी, बॉल फिरवत सगळ्या बाजूंनी सारखा दाब. तेल फारच असेल तर १०००. हे सगळं घरूनच करून जा, स्पर्धा सुरू झाल्यावर पॅड लावता येत नाही. आणि दर वेळी टाकल्यावर बॉल कोरड्या फडक्यानं पुसा, त्यावर उठलेली तेलाची कडी बघायची सवय लावा.

पुण्याला तेल किती फुटांपर्यंत होतं?

वाळूजकर:
४० फूट म्हणाले होते.

दहावी_पिन:
मग ४० मधून ३१ वजा करा, ९. तेल संपतं तिथं बॉल उजव्या गटरपासून साधारण नवव्या पट्टीवर असावा. लेनला ३९ उभ्या पट्ट्या असतात, त्या गटरपासून मोजायच्या. हा अंदाज आहे, धर्मग्रंथ नाही, पण सुरुवात तिथून करा. तेल ३३ फुटांचं असेल तर दुसरी पट्टी, म्हणजे गटरच्या काठाकाठानं. तिथं मीही यूरेथेनच काढीन.

गोदाकाठ:
यूरेथेनबद्दल इतरांचा शिव्याशाप घ्यायची तयारी ठेवा. ते तेल पीत नाही, पुढं ढकलत नेतं. दोन गेमनंतर मागून खेळणाऱ्याचा बॉल वळेनासा होतो.

दुसरं, बॉल कुठं ठेवता? मी नांदेडला एप्रिलमध्ये गाडीच्या डिक्कीत विसरलो होतो. चार दिवसांनी बघतो तर अंगठ्याच्या भोकापासून तडा गेलेला. आपल्याकडचं ऊन रिअ‍ॅक्टिव्हला सोसत नाही.

वाळूजकर:
डिक्की वाचून आधी खाली पळालो. मोटारसायकलच्या साइड बॉक्समध्येच होता. आता पलंगाखाली आहे, सौ.च्या पापडाच्या डब्याशेजारी.

परवा २००० मारला. हातानं घासायला पाऊण तास गेला, पण आता अंगावर बारीक जाळी दिसते. गेमझोनवर तो परत निम्म्यातच वळतोय, अपेक्षेप्रमाणंच. तिथल्या हाउस बॉलनं, म्हणजे प्लास्टिकनं, सरळ खेळून बघितलं, त्याच लेनवर १४८ आले. मग इथं प्लास्टिक आणि पुण्याला सॉलिड असंच ठरवलंय. वाचलेल्या पैशातून एक प्लास्टिक माझ्या हाताच्या मापानं भोकं पाडून घेईन. हाउस बॉलमध्ये अंगठा अडकून नख काळं पडलंय.

भोकं पाडायला पुण्यालाच जावं लागणार. जालना, बीड, परभणीकडून कुणी या महिन्यात बोलिंगसाठी गाडी घेऊन जाणार असेल तर सांगा. पेट्रोलचा वाटा देईन, फक्त बॉल मागच्या सीटवर ठेवू द्या.

दहावी_पिन:
१८ तारखेच्या रविवारी जातोय, पहाटे पाचला. करमाडला थांबतो, तिथं या.

वाळूजकर:
करमाड उलट्या दिशेला पडतं की हो मला! वाळूज पुण्याच्याच रस्त्यावर आहे, इथल्याच, वाळूजजवळच्या पंढरपूर फाट्यावर उभा राहतो.