उठावाची नक्षी करताना एक्स उजवीकडे सरकतो, शिवाय मधेच अलार्म १

रंधा_दारव्हा

मशीन लाकूड कोरायची सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारी), दोन बाय तीन फुटांची, घरी उभारलेली. एक्स म्हणजे डावी-उजवी हालचाल, वाय पुढे-मागे, झेड वर-खाली. युनो (अर्डुइनोचा कंट्रोलर बोर्ड), त्यावर सीएनसी शील्ड (जोडण्यांचा बोर्ड), जीआरबीएल १.१ (मशीन चालवणारं फर्मवेअर). मोटरींना करंट देणारे टीबी६६०० ड्रायव्हर चार (वायवर दोन मोटरी), नेमा २३ स्टेपर मोटरी (प्रत्येक पल्सला ठरावीक थोडं फिरणाऱ्या) २.८ अँपिअरच्या, १६०५ चा बॉलस्क्रू (एका फेरीत गाडी ५ मिमी सरकवणारा), ३६ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा). स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) दीड किलोवॉटचा, पाण्याने थंड होणारा, सिंगल फेज व्हीएफडीवर (स्पिंडलचा वेग ठरवणारा ड्राइव्ह). ड्रायव्हरवर मायक्रोस्टेप ८ (मोटरचा एक स्टेप आठ तुकड्यांत) आणि करंट ३.५. सेटिंग: $० १० (पल्सची रुंदी, मायक्रोसेकंद), $३ १ (एक्सची दिशा उलट), $१०० ३२० (एक्सचे मिमीमागे स्टेप), $११० ३००० (एक्सचा कमाल वेग, मिमी प्रतिमिनिट), $१२० १५० (एक्सचा प्रवेग).

चौकट, नावाची पाटी, सरळ खाचा सगळं मापात येतं. पण देव्हाऱ्याच्या सागवानी पॅनेलवर उठावाची नक्षी लावली की शेवटी एक्स तीनेक मिलिमीटर उजवीकडे गेलेला असतो. पॅनेल ४०० मिमीचं, ओळीतलं अंतर ०.४ मिमी. दर वेळी उजवीकडेच, झेड मात्र बरोबर. दुसरं म्हणजे स्पिंडल चालू असताना गाडी टेबलाच्या मधोमध असूनही अलार्म १ येतो. तिसरं, दुपारी एक ते चारच्या दरम्यान एक्सची मोटर सैल पडते आणि मिनिटभरानं पुन्हा पकडते. शेड टिनाचं आहे.

आधी काय धरू?

ठोकापीटी

कपलरचे (मोटर आणि बॉलस्क्रू जोडणाऱ्या तुकड्याचे) ग्रब स्क्रू कसा, $१२० ५० वर आणा, मायक्रोस्टेप १६ करा. नक्षी गुळगुळीतही येईल.

पल्स_पुलगाव

ठोकापीटी भाऊ, मायक्रोस्टेप १६ करायला सांगू नका. ८ वर ३००० मिमी प्रतिमिनिटाला ३२० गुणिले ५०, म्हणजे सेकंदाला १६,००० पल्स लागतात. १६ वर तेच ३२,००० होतात आणि युनोवरच्या जीआरबीएलची हद्द साधारण ३०,००० ची. नसलेला दोष अंगावर घ्याल.

कपलर घसरत असता तर सरळ खाचांतही फरक दिसला असता, आणि तो कधी इकडे कधी तिकडे. बॅकलॅशही (दिशा बदलताना स्क्रू-नटातला ढिलेपणा) नाही, कारण बॅकलॅश साचत नाही, हजार फेऱ्यांनंतरही तेवढाच राहतो. इथे चूक एकाच बाजूला आणि दिशा बदलण्याच्या संख्येनुसार वाढते आहे. ही दिशेच्या सिग्नलची वेळ चुकल्याची खूण.

जीआरबीएल दिशेची पिन बदलतो आणि त्याच दमात स्टेपचा पल्स सोडतो. टीबी६६०० च्या इनपुटला ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पुढे देणारा भाग) आहे. त्याला पेटायला लागणारा वेळ आणि विझायला लागणारा वेळ सारखा नसतो, त्यामुळे एका वळणावर दिशा वेळेत पोचते, उलट्या वळणावर उशिरा. तुमच्याकडे उजवीकडून डावीकडे वळताना पहिला स्टेप अजून उजवीकडेच पडतोय. डावीकडचा एक गेला आणि उजवीकडचा एक वाढला, म्हणजे फेरीमागे दोन मायक्रोस्टेप: ०.००६२५ मिमी. ४०० मिमीचं पॅनेल ०.४ नं म्हणजे १००० ओळी, ५०० फेऱ्या, ३.१२५ मिमी. तुमचा आकडा नेमका जुळतो.

झेड वाचतो कारण नक्षीच्या ओळीत एक्स जास्त स्टेप घेतो. नवीन हालचाल सुरू झाली की एक्सचा स्टेप पहिल्याच ठोक्याला येतो, झेडचा सहसा काही ठोक्यांनी, तेवढ्यात ऑप्टो सावरतो. फार उभा उतार असेल तर झेडही फसू शकतो.

खात्री अशी करा. स्पिंडल बंद ठेवून एक्सच्या गाडीला डायल गेज (बारीक सरक मोजणारं घड्याळ) लावा, एक्स २ मिमी पुढे २ मिमी मागे, ५०० वेळा, फीड (वेग) १००० मिमी प्रतिमिनिट. तीन-चार मिनिटांचं काम. डायल नसेल तर टोकदार बिटाने कागदावर आधी आणि नंतर टिंब पाडून मोजा. तीन मिमीचा फरक आला तर हाच रोग.

इलाज फर्मवेअरमध्ये आहे. आधी $$ देऊन सगळे आकडे वहीत उतरवा. जीआरबीएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘स्टेप पल्स डिले १०’ अशी डिफाइनची ओळ आहे, तिच्यापुढे दोन तिरप्या रेघा मारून ती बंद ठेवलेली असते. रेघा काढा आणि युनोवर पुन्हा अपलोड करा. दिशा आणि स्टेप यांच्यात १० मायक्रोसेकंदांची सवड मिळते. इथे बरेच जण फसतात: बदल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये करतात आणि अर्डुइनो मात्र आपल्या लायब्ररीतली जुनी प्रत चढवतो. लायब्ररीतली फाइल बदला. पुढे डीएम५४२ ड्रायव्हर घेतलेत तरी ही ओळ चालूच ठेवा, त्यालाही दिशा ५ मायक्रोसेकंद आधी लागते.

अर्थिंग_वर्धा

अलार्मचं आणि गरमीचं मी सांगतो.

अलार्म १ म्हणजे हार्ड लिमिट, गाडी टोकाच्या लिमिट स्विचला टेकल्याची खूण. आधी $२१ ० करून (हार्ड लिमिट बंद) स्पिंडल फिरवत हवेत जॉब चालवा. अलार्म गेला तर स्विच दाबला जात नाहीये, वायरीत गोंगाट शिरतोय. युनोच्या आतला पुलअप (पिन ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फारच हलका. व्हीएफडीच्या केबलला चिकटून गेलेली लिमिटची वायर त्यापुढे अँटेनाच. तुमचे स्विच नॉर्मली ओपन (दाबल्यावर जुळणारे) असणार. ते नॉर्मली क्लोज्डवर (दाबल्यावर तुटणारे) घ्या, एका अक्षाचे दोन्ही स्विच सीरिजमध्ये, आणि $५ १ (लिमिटचा सिग्नल उलटा) करा. आता पिन सतत ग्राउंडला बांधलेली राहते, गोंगाटाला जागा कमी, आणि वायर तुटली तर मशीन आपण होऊन थांबते. पिनेपासून ५ व्होल्टला १ किलोओहमचा रेझिस्टर आणि पिन ते ग्राउंड ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, दोन्ही युनोजवळ. स्विचपाशी लावून उपयोग नाही. जाळीची केबल वापरलीत तर जाळी युनोच्याच टोकाला जोडा.

मग मुळाकडे चला. मेन बंद करून दहा मिनिटं थांबा, व्हीएफडीतले कपॅसिटर तोवर भरलेले असतात. स्पिंडलचा प्लग काढून चौथी (अर्थची) पिन आणि स्पिंडलचं धातूचं अंग यांत मल्टिमीटर लावा. कित्येक स्पिंडलमध्ये ही पिन आतून जोडलेलीच नसते. नसेल तर अंगावरच्या बोल्टपासून वेगळी हिरवी वायर व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला आणा. स्पिंडलची केबल जाळीची हवी, जाळीही त्याच टर्मिनलला. व्हीएफडीची कॅरिअर फ्रिक्वेन्सी (आतल्या स्विचिंगची गती) ४ किलोहर्ट्झच्या आसपास उतरवा. स्पिंडल जरा किणकिणेल, चालतं.

आणि राजेहो, त्या अर्थचं दुसरं टोक जमिनीत कुठे जातं तेही पाहा. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पाइपाभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. स्पिंडल चालू असताना न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजा. दोन-तीनच्या वर असेल तर वायरमनकडून अर्थ टेस्टरने तपासून घ्या, खड्ड्यात पाणी सोडत राहा.

मोटर सैल पडणं म्हणजे ड्रायव्हर तापून स्वतःला बंद करतोय. टिनाखाली शेडमध्येच ४५ अंश असेल तर बंद पेटीत त्याहून जास्त. करंट ३.५ वरून २.५ वर आणा, मोटर २.८ ची आहे. ड्रायव्हर उभे लावा, मध्ये दोन बोटांची फट, खालून वर हवा ओढणारा पंखा. कूलरची ओली हवा मात्र पेटीवर सोडू नका, लाकडाचा भुसा त्या ओलीनं पीसीबीवर चिकटून बसतो.

शेतीचे पंप चालू झाले की व्होल्टेज पडत असेल तर आणखी एक. व्हीएफडी अंडरव्होल्टेजवर ट्रिप होतो, स्पिंडल थांबतो आणि गाडी पुढे जात राहते, बिट मोडतो. व्हीएफडीचा फॉल्ट रिले शील्डच्या होल्ड पिनेला आणि ग्राउंडला जोडा. ट्रिप झाल्याबरोबर फीड होल्ड लागतो (गाडी जागीच थांबते), जागा हरवत नाही. या पिनेलाही वरचाच रेझिस्टर-कपॅसिटर द्या.

रंधा_दारव्हा

५०० फेऱ्यांनंतर डायलवर ३.१२ उजवीकडे. डिले चढवल्यावर ०.०१. चौथी पिन आतून तुटकीच निघाली, वेगळी वायर ओढली. करंट २.५ केला, पंखा लावला, काल दुपारी मोटर सुटली नाही. एक अडलंय: एक्स आणि वायचे स्विच नॉर्मली क्लोज्डवर चालले, झेडचा मात्र कायम दाबलेला दाखवतो.

पल्स_पुलगाव

शील्डवरचं छापील नाव जुन्या जीआरबीएलचं आहे. नंतर झेडची लिमिट १२ नंबरच्या पिनेवर गेली आणि ११ वर स्पिंडलचा पीडब्ल्यूएम (वेग ठरवणारा सिग्नल) आला. झेडची वायर ‘झेड’ लिहिलेल्या जागेवरून काढून ‘स्पिंडल एनेबल’ लिहिलेल्या जागेवर लावा. रेझिस्टर-कपॅसिटरही तिकडेच हलवा.