ठाणे स्टेशनबाहेरच्या पावसाळी भाज्या, कुठली कशी करायची?

लातूरहून_ठाण्यात
नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे लातूरचे, नवऱ्याच्या बदलीमुळे मार्चपासून ठाण्यात आलोय. पाऊस लागल्यापासून स्टेशनच्या बाजूला सकाळी आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसलेल्या दिसतात. तसं आम्हाला रानातलं खाणं नवीन नाही, पाथरी, घोळ, कुर्डू सगळं लहानपणापासून खाल्लंय, करटुलं तर जीव की प्राण. पण इथल्या टोपलीतलं निम्मं ओळखूच येत नाही हो. एक मेथीसारखी दिसते पण मेथी नाही, एक कांद्याच्या पातीसारखी आणि एक तर तपकिरी-जांभळट कोंब, जुडी बांधलेले. मावशी म्हणाल्या ह्याच्यासोबत काकडं घ्यायलाच लागतात नाहीतर घसा धरतो, ते ऐकून मी काढता पाय घेतला :) घरी चार वर्षांचं पोरगं आहे आणि सासूबाईंचं म्हणणं की पावसाळ्यात पालेभाजी घरात आणायचीच नाही. सुरुवात कशापासून करू?

वसईवाली
ताई, मेथीसारखा तो टाकळा. पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवडेच घ्यायचा, नंतर निबर होतो आणि उग्र लागतो. फक्त कोवळी पानं खुडायची, देठ टाकायचे. भरपूर कांदा, लसूण, हिरवी मिरची, वरनं ओलं खोबरं. फणसाच्या आठळ्या ठेवल्या असतील तर उकडून ठेचून घाला, मग बाकी काही लागत नाही. पहिल्या वेळी मात्र बेतानेच खा, पोट साफ करणारी भाजी आहे, पोराला तर घासभरच.

कांद्याच्या पातीसारखी ती फोडशी, कुणी कुलू म्हणतं. बुडखाचा पांढरा कडक भाग काढून टाकायचा आणि पात सुटी करून धुवायची, आत माती अडकते ती जुडी नुसती नळाखाली धरून निघत नाही. चिरून भिजवलेली मूगडाळ घालून परता. चवीला अगदी सौम्य, मुलं खातात, आमच्याकडे तर बेसन घालून भजीच करतात. तुम्ही फोडशीपासूनच सुरू करा. भारंगी दिसली तर पाला उकळून पिळून घ्यायला लागतो, कडू असते, ती सवय झाल्यावर.

आणि ते कोंब म्हणजे शेवळं. त्याच्यावर लिहायला इथे दुसरे लोक तुटून पडतील, मी थांबते.

कल्याण_फास्ट
सासूबाईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही पण ते शेतातल्या मेथी-पालकाबद्दल. जुलैत मार्केटमधला पालक बघा, अर्धा चिखल, अर्धा सडका आणि भाव डबल. रानातलं जे उगवतं त्याचा सीझनच हा आहे, ते आत्ता नाही खायचं तर कधी? आमच्याकडे ऋषीपंचमीला तर बैलाच्या कष्टाचं काही चालतच नाही, नांगरलेल्या जमिनीतलं नको म्हणून अळू, माठ, भोपळा, कंद असलं सगळं एकत्र शिजवायचं, तिखट मसाला काही नाही, आणि तरी शेजारचे डबे घेऊन येतात.

एकच सांगतो, टाकळा आपल्या सोसायटीमागे पण उगवतो, रुळांच्या कडेला तर माजतो, तो अजिबात तोडून आणायचा नाही. नाल्याचं पाणी, गाड्यांचा धूर, ते सगळं पानात जातं. आणि स्वतःला ओळखता येत नसेल तर फोटो बघून तर नाहीच नाही. विकत घ्या.

सोडेप्रेमी
आलो तुटून पडायला. शेवळं ही वर्षातनं जेमतेम दोन-तीन आठवडे, ती पण पावसाच्या तोंडाशी, त्यामुळे ताई पुढच्या वर्षीवर ढकलू नका. मुंबईत पाऊस यायची तारीख आपण ११ जून धरतो आणि शेवळंवाल्या त्याच्या आगेमागे दिसतात, पण २०२५ ला २६ मेलाच आला, अशा वर्षी तर नजर ठेवूनच बसायला लागतं.

तो कोंब म्हणजे सुरणाच्या जातीतल्या रानटी कंदाचं फूल, म्हणून खाज. हाताला तेल लावा. बाहेरचं आवरण सोला, आतला दांडा असतो त्यावरचा पिवळसर दाणेदार भाग काढून टाका, खाज मुख्य तिथेच. उरलेलं बारीक चिरायचं आणि तेलात चांगलं परतायचं, इथे घाई करायची नाही. काकडं म्हणजे आवळ्यासारखी छोटी हिरवी आंबट फळं, त्याच बायकांकडे मिळतात. ठेचून बिया काढा, पाणी घालून वाटा, गाळून तो रस शेवळांत घाला आणि मऊ शिजेपर्यंत शिजवा. आंबटामुळेच घसा धरत नाही, अळूला चिंच घालतो तेच कारण. काकडं नाहीच मिळाली तर चिंच घाला, जरा जास्त, पण चव तीच येते असं मी म्हणणार नाही.

आमच्या सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरात त्यात सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, पडतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, ताजं मिळतं ते कमी आणि महाग, मग मे महिन्यात भरून ठेवलेले सोडे ह्याच दिवसांत कामाला येतात. सोडे थोडा वेळ भिजवा, कांदा-आलं-लसूण-मसाल्यावर परता, मग शेवळं, काकडांचा रस, शेवटी नारळाचं दूध. शाकाहारी असाल तर सोड्यांऐवजी बिरड्याचे, म्हणजे मोड आणून सोललेले, वाल, तेही झकास. लहान पोराला मात्र ह्या वर्षी नको, तुमचा हात बसू दे.

लातूरहून_ठाण्यात
बाप रे, किती छान लिहिलंय सगळ्यांनी. आज फोडशी आणली, मूगडाळीतली केली, सासूबाईंनी आधी नाक मुरडलं आणि मग भाकरीबरोबर दोनदा घेतली. बुडखे काढायला तासभर गेला पण :) सोडे फार महाग दिसले, वालाचीच करीन. अजून एक, त्या मावशींनी वाट्याचा भाव सांगितला त्यात घासाघीस करतात का इथे? आणि शेवळं आणून फ्रिजमध्ये किती टिकतात?

वसईवाली
घासाघीस नको ताई. त्या पहाटेच्या गाडीने सफाळ्याहून, कसाऱ्याहून येतात, आदल्या दिवशी रानात फिरून खुडलेलं असतं, दहा रुपये कमी करून काय मिळणार आपल्याला. उलट रोजचं गिऱ्हाईक झालात की नवीन काय आलं ते बाजूला काढून ठेवतात, आणि कशी करायची ते विचारलंत तर मापासकट सांगतात, आमच्या घरातली भारंगी अशीच कळलीय.

शेवळं कच्ची ठेवू नका, दुसऱ्या दिवशी काळी पडतात. साफ करून, चिरून, तेलात परतून, काकडांचा रस घालून शिजवा आणि गार झाल्यावर डब्यात भरून फ्रीझरला टाका, श्रावणापर्यंत आरामात जातात. वाल आदल्या रात्रीच भिजत घाला, मोड यायला पावसाळ्यात दीड दिवस तरी लागतो.