क्रॉसओव्हरसाठी (स्पीकरमधलं जाड-बारीक आवाज वेगळे करणारं सर्किट) चांगला रेझिस्टर कुठला? बजेट ५०० रुपये, कोल्हापूर

शाहूपुरीकर
वडिलांचे टू-वे स्पीकर परत वापरात काढलेत. गायिका केसरबाई केरकरांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं की आवाज मधोमध यायला पाहिजे, मोनोच आहे ते, दोन्ही बॉक्सना एकच आवाज. पण तो उजवीकडं ओढला जातोय. डावा बॉक्स उघडला तर ट्वीटरच्या (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरच्या) लाइनमधला ३.३ ओहम, ५ वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर एका अंगानं तडकलाय आणि खालचा बोर्ड चहा सांडल्यासारखा तपकिरी झालाय. ट्वीटर ८ ओहमचा, त्याच्या आधी ३.९ एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) एकच कॅपॅसिटर. दोन्ही बाजूंना नवे घालायचेत, सगळं मिळून ५०० च्या आत. काय घेऊ?

जर्मन_कान
मुंडॉर्फ या जर्मन कंपनीचे एमओएक्स रेझिस्टर, १० वॅट. दुसरं काही बघू नका. मी घातल्यापासून झांजेची शेपटी शेवटपर्यंत ऐकू येते. पोस्टेज धरून ५०० च्या वर जाईल, पण हे काम आयुष्यात एकदाच करायचं असतं.

बेसवाला
भावा, १० वॅटचा सिमेंट घाल. गावात मिळतोय, दहा-वीस रुपयांचा विषय. मंडळाच्या सिस्टिमला आमचे ५ वॅटचे दोन मिरवणुकीत जळाले, विसर्जनाला अर्धी रात्र ट्वीटरशिवाय काढली. १० वॅटचे घातल्यापासून एक गेला नाही.

उद्यमनगर_वाइंडिंग
मी रोज मोटारी भरतो, म्हणून सांगतो. सिमेंटवाल्यात आत बहुतेक तारच गुंडाळलेली असते. तार गुंडाळली की कॉइल झाली, इंडक्टन्स (उंच सुरांना होणारा जास्तीचा अडथळा) येणारच. नॉन-इंडक्टिव्हच घ्या. त्यात दोन तारा उलटसुलट गुंडाळतात, एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरी मारते. मिल्स कंपनीचे १२ वॅटवाले तसे असतात.

मिरजेचा_तंबोरा
वाइंडिंगवाले, तत्त्व बरोबर आहे, आकडा पण बघा. ५ मायक्रोहेन्री धरली तरी २० किलोहर्ट्झला ०.६३ ओहम होतात, आणि ते ३.३ + ८ मध्ये सरळ मिळवायचे नाहीत, काटकोनात धरायचे (वर्गांची बेरीज, मग वर्गमूळ). ११.३ चे ११.३२ होतात. एवढं कुणाला ऐकू येणार?

शाहूपुरीकर, खरेदीआधी मोजा. रेझिस्टरचा एक पाय बोर्डवरून सोडवा. मीटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांवर टेकवून जो आकडा येईल तो वजा करा; एवढ्या कमी ओहमला वायरीचे ०.२-०.३ सुद्धा फसवतात.

जर्मन_कान
सगळंच आकड्यात येत नाही. एकदा ऐकून बघा.

राजारामपुरी_७८
मीपण १० वॅटच म्हणतो. बजेट वाढवता आलं तर डेन्मार्कचे ड्यूलंड बघा, ग्राफाइटचे असतात. माझे कुरिअरवाल्यानं तीन आठवडे अडकवून ठेवले होते, खोक्याचा एक कोपरा चेपलेला आला.

शाहूपुरीकर
ड्यूलंड माझ्या आवाक्यात नाहीत. मोजले. वजाबाकी करून उजवा ३.३, डावा ४.६.

मिरजेचा_तंबोरा
सापडलं मग. डावा ट्वीटर जवळजवळ १ डेसिबल खाली गेलाय, म्हणून आवाज उजवीकडं जातोय. दोन्हीकडं ३.३ घाला, १० वॅट, एकाच लॉटमधले. ब्रँड कुठला का असेना, जोडी जुळणं महत्त्वाचं. आणि बोर्डला चिकटवू नका, खाली पाच-सहा मिलिमीटर हवा ठेवा. तुमचा बोर्ड त्यामुळंच भाजलाय.

बेसवाला
मी काय वेगळं सांगितलेलं? १० वॅट.

उद्यमनगर_वाइंडिंग
३.३ च. कंपनीनं विचार करूनच दिलाय.

शाहूपुरीकर
काल रात्री एकेक बॉक्स वेगळा लावून बसलो. डाव्यावर बाईंचा आवाज भरीव लागतो, 'स' कानाला टोचत नाही. वडील म्हणाले, "मला हाच पायजे." म्हणून दोन्हीकडं ४.७ घालतोय.

मिरजेचा_तंबोरा
मूळ डिझाइन मोडू नका असंच मी म्हणेन. तुमच्याकडं एकच कॅपॅसिटर आहे, त्यामुळं ओहम वाढले की क्रॉसओव्हरची जागाही (जिथून वरचा आवाज ट्वीटरकडं जातो) सरकते, साधारण ३.६ किलोहर्ट्झवरून ३.२ वर. ट्वीटरला सगळंच थोडं कमी मिळेल, पण वरच्याच्या मानानं खालचं कमी घटेल.

जर्मन_कान
४.७ चे एमओएक्स पण मिळतात.

शाहूपुरीकर
दुकानात मीटर घेऊन गेलो, दहा मोजले. अंगावर ४आर७जे, जे म्हणजे पाच टक्के इकडंतिकडं, पण दोन अगदी ४.६६ चे निघाले. १० वॅट, साधे सिमेंट. काउंटरवरच्या काकांनी बाकीचे आठ न कुरकुरता परत डब्यात टाकले. पाय लांब ठेवून सोल्डरचा डाग दिला. बाई आता बरोबर मधे गातायत. वडिलांनी आज एकच बाजू तीनदा लावायला सांगितली.