केपटाऊनचा टेबल माउंटन : गाइड घ्यावा की आपले आपण चढावे?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. लेक-जावई केपटाऊनला असतात. डिसेंबरात आम्ही दोघं तिकडं जातोय. लेकीनं टेबल माउंटन गाइडबरोबर चढायचा घाट घातलाय. माझं वय ५९, हिचं ५५. मी रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फेऱ्या मारतो. हिचा डावा गुडघा चढताना गप्प असतो, उतरताना बोलतो. डोंगर १,०८५ मीटर, म्हणजे साडेतीन हजार फूट. आपलं बेळगावच अडीच हजार फुटांवर आहे, मग राहिलं किती? रोपवे असताना चढायचं कशाला, हा हिचा प्रश्न. आणि येळ्ळूरगडावर आपण कधी गाइड नेला होता काय, हा माझा. जाऊन आलेल्यांनी सांगा.

शहापूरची_लेक
काका, तुमचा हिशोब वाचून हसले. चढ बेळगावातून सुरू होत नाही हो, समुद्राकाठच्या शहरातून होतो! प्लाटेक्लिप ही नेहमीची वाट. टाफेलबर्ग रोडवरून सुरू होते आणि सुमारे ७०० मीटर सरळ अंगावर येते. सगळ्या दगडी पायऱ्या, एक घोट्याएवढी तर दुसरी गुडघ्याएवढी. आम्हाला अडीच तास लागले, तुम्ही तीन धरा. ही बाजू उत्तरेकडची, आणि दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडूनच येतं. डिसेंबर म्हणजे तिथला भर उन्हाळा. साडेपाचला उजाडतं, सहाला पाय उचलायचे. माणशी दोन लिटर पाणी न्या, वाटेत दुकान-बिकान काही नाही.

गाइड मात्र घ्याच. वाट चुकेल म्हणून नव्हे, वाट राजमार्गासारखी आहे. गाइड लागतो तो वाऱ्यासाठी. उन्हाळ्यात तिथं आग्नेयेचा वारा सुटतो. समुद्रावरची दमट हवा डोंगर चढताना गार होते, तिचा ढग होतो आणि तो पठारावरून शहराच्या बाजूला पांढऱ्या चादरीसारखा ओघळतो. खाली उतरता उतरता विरून जातो. तिथले लोक त्याला टेबलक्लॉथ म्हणतात. आंबोलीत कोकणातून धुकं वर येताना पाहिलंय ना? तसंच, फक्त पाऊस नाही. आम्ही वर पोचलो तेव्हा आकाश निळंशार, खाली बंदर, पलीकडं रॉबेन बेट. मंडेला तुरुंगातल्या २७ वर्षांपैकी १८ तिथंच होते, ते गाइड दाखवत होता. बोलता बोलता थांबला, मागं बघितलं आणि म्हणाला, जॅकेट घाला. आम्हाला काहीच दिसत नव्हतं. थोड्या वेळानं रोपवेचा भोंगा वाजला. वारा वाढला की रोपवे बंद होतो, त्याआधी सगळ्यांना बोलावून घेतात. आम्ही रांगेत पुढं होतो, मागचे बरेच जण चालत उतरले असणार.

खानापूरचा_गडी
ताईंचं पटतंय, पण जरा उलटं बोलतो. लेक-जावई तिथलेच, वाट मळलेली, सुट्टीच्या दिवशी तर जत्रा. डोंगर चढायला तिकीट नाही. चार-पाच जण मिळून जावा की! एकट्या-दुकट्यानं मात्र नको, आडवाटेला लुटालूट होते तिथं. गाइडचे पैसे वाचवा आणि इथं सराव करा. येळ्ळूरगड गाडीनं नको, पायथ्यापासून. मग एका रविवारी चंदगडकडं पारगड. तिथल्या पायऱ्या उतरताना गुडघा काय म्हणतो ते तिथंच कळतंय.

निपाणीवाला
गडीभाऊ, प्लाटेक्लिपपुरतं बरोबर. पण कोणी 'इंडिया फेन्स्टर'नं जाऊ म्हटलं तर नाही म्हणा. रोपवेच्या खालून जाते ती वाट. नाव ऐकून आपल्याला माया वाटते, फेन्स्टर म्हणजे खिडकी, कड्यातली फट भारताच्या नकाशासारखी दिसते म्हणे. पण तिथं हातापायानं खडक चढायचाय, साखळ्या धरायच्यात. किर्स्टेनबोश बागेतून जाणारी स्केलेटन गॉर्ज सावलीची खरी, पण तिच्यात शिड्या आहेत आणि ओल्या खडकावर पाय घसरतोय.

गाइड घेताना बिल्ला विचारा. तिकडं कायद्यानं गाइडची नोंदणी लागते, बिल्ला नि ओळखपत्र जवळ ठेवावं लागतं. आम्ही स्वस्तातला ऑनलाइन ठरवला (नाव लिहीत नाही). पठ्ठ्या कॅनव्हासच्या बुटांत आला, पाण्याची एक बाटली, तीही आमच्याकडून मागून. ढग आल्यावर आम्हालाच विचारतोय, 'काय करायचं?' म्हणून पैसे द्यायच्या आधी एकच प्रश्न टाका : रोपवे बंद पडला तर पुढं काय? जो लगेच नीट सांगेल तो घ्या.

आणि वर डॅसी नावाचा प्राणी भेटेल, ससा नि घूस यांच्या मधला. जवळचा नातेवाईक म्हणे हत्ती! माझ्या हातातल्या चिक्कीकडं असा बघत होता की गणपत गल्लीतलं पोरगं आठवलं. देऊ नका, खायला घालायला बंदी आहे.

टिळकवाडीकर
सगळ्यांचे आभार. एकच शंका. चढून जायचं नि रोपवेनं उतरायचं असं धरलं तर हिचा गुडघा वाचेल काय?

शहापूरची_लेक
तसंच करा काका, पाचेक मिनिटांत खाली. डब्याची फरशी गोल फिरते, काकूंना जागा धरायला भांडायला नको. पण बंद पडला तर उतरावंच लागेल हे धरून काठी नि गुडघ्याचा पट्टा न्या. आणि दिवस एकच ठरवू नका, तीन-चार मोकळे ठेवा. वारा पडेल त्या सकाळी गाइडला फोन करायचा.

टिळकवाडीकर
हिनं वाचलं. म्हणाली, गाइड पाहिजे, आणि गुडघ्याचं मी सगळ्यांना सांगायचं कारण नव्हतं. रविवारी पहाटे येळ्ळूरगड, पायथ्यापासून. कोणी येताय काय? चहा माझ्याकडून.

खानापूरचा_गडी
येतोय. साडेपाच, वेशीपाशी. चहाबरोबर भजीही धरा.